अंधारातला मारेकरी आणि उघड्यावरची झोप

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



जगातल्या सर्वांत प्रसिद्ध खुन्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण ते खरं आहे. १८८८ साली, म्हणजे इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया राणी असताना आणि आपल्यावरही तिचंच राज्य असताना, लंडनच्या पूर्व भागातल्या व्हाइटचॅपल आणि आसपासच्या वस्तीत अवघ्या दहा आठवड्यांत पाच बायकांचे खून झाले. पहिला ३१ ऑगस्टला, शेवटचा ९ नोव्हेंबरला. मारेकरी सापडला नाही. लोक त्याला 'जॅक द रिपर' म्हणतात. हे टोपणनाव शाळकरी मुलांनाही माहीत असतं. त्याच्यावर शेकडो पुस्तकं निघाली, सिनेमे निघाले, शंभरावर संशयितांची नावं पुढे आली. पण त्या पाच बायकांची नावं सांगा म्हटलं, तर आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

त्यांची नावं अशी : मेरी अ‍ॅन निकोल्स, अ‍ॅनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली.

आज बोलायचं आहे ते या न सापडलेल्या मारेकऱ्याबद्दल, आणि त्याचबरोबर एका साध्या प्रश्नाबद्दल. असे मारेकरी सापडत का नाहीत? मुंबईनेही असे दोन अनुभव घेतले आहेत. एकदा मारेकरी सापडला, एकदा नाही. या दोन अनुभवांतला फरक नीट समजून घेतला, तर आपल्या दाराशीच चालू असलेल्या एका गोष्टीकडे आपण जरा वेगळ्या नजरेने पाहू.

चार पेन्सचा बिछाना

व्हाइटचॅपल ही तेव्हाच्या लंडनमधली कष्टकऱ्यांची, कंगाल माणसांची वस्ती. गोदीतले हमाल, गाडीवान, शिंपी, चांभार, पूर्व युरोपातून जीव वाचवून आलेले ज्यू निर्वासित, असे सगळे एकमेकांना चिकटून राहत. ज्यांना खोली परवडत नसे ते एका रात्रीपुरता बिछाना भाड्याने घेत. अशा २३३ निवाऱ्यांतून त्या भागात रोज रात्री सुमारे साडेआठ हजार माणसं झोपतात, असा पोलिसांचाच अंदाज होता. एका बिछान्याचा दर चार पेन्स. चार पेन्स असतील तर डोक्यावर छप्पर, नसतील तर रस्ता.

३० ऑगस्टच्या रात्री मेरी अ‍ॅन निकोल्सकडे हे चार पेन्स नव्हते. निवाऱ्याच्या माणसाने तिला बाहेर काढलं. पहाटे पावणेचारच्या सुमारास माल वाहून नेणाऱ्या एका कंपनीचा गाडीवान कामावर निघाला होता. बक्स रो नावाच्या अंधाऱ्या गल्लीत त्याला काहीतरी पडलेलं दिसलं. ती ताडपत्री असावी असं त्याला आधी वाटलं. जवळ गेल्यावर कळलं, ती बाई होती.

आठ दिवसांनी अ‍ॅनी चॅपमनच्या बाबतीतही तेच झालं. बिछान्याचे पैसे नव्हते म्हणून ती मध्यरात्रीनंतर बाहेर पडली, आणि सकाळी हॅनबरी स्ट्रीटवरच्या एका घराच्या परसात मृतावस्थेत सापडली. कॅथरीन एडोजला दारू पिऊन रस्त्यात पडल्याबद्दल पोलिसांनी संध्याकाळी चौकीत नेलं होतं. रात्री एकच्या सुमारास तिला सोडलं. त्यानंतर पाऊण तासात मायटर स्क्वेअरमध्ये तिचा देह सापडला. या पाचांपैकी आपल्या भाड्याच्या खोलीत मारली गेली ती एकटी मेरी जेन केली.

या सगळ्या बायका वेश्या होत्या असंच इतकी वर्षं सांगितलं गेलं. हॅली रुबेनहोल्ड या इतिहासकार बाईंनी २०१९ साली 'द फाइव्ह' हे पुस्तक लिहून या पाच जणींची चरित्रं पहिल्यांदा सविस्तर मांडली. पाचांपैकी तिघींच्या बाबतीत तसा पुरावाच नाही, असं त्यांनी दाखवलं. संसार मोडलेल्या, दारूच्या आहारी गेलेल्या, घर गमावलेल्या या बायका होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक जणी उघड्यावर झोपलेल्या असताना मारल्या गेल्या असाव्यात, असं त्यांचं म्हणणं आहे. हे सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. पण एवढं तर कुणीही मान्य करील, की मारेकऱ्याने बळी निवडले ते रात्री दाराआड जाण्याची सोय नसलेल्यांतून.

तपासाची दोरी

आता खुनाचा तपास कसा होतो ते पाहू. कुठल्याही पोलीस ठाण्यातला अनुभवी हवालदार तुम्हाला सांगेल, की तपास सुरू होतो तो मयतापासून. मयत कोण? राहायला कुठे? शेवटचा कुणाबरोबर दिसला? कुणाशी वैर, कुणाशी देणंघेणं, कुणाशी लफडं? जमिनीचा वाद होता का? बहुतेक खून ओळखीच्या माणसाकडूनच होतात. भाऊबंद, नवरा, शेजारी, भागीदार, सोबत दारू प्यायला बसलेला मित्र. म्हणून मयताच्या ओळखीपाळखीचं वर्तुळ काढलं, की मारेकरी बहुधा त्या वर्तुळातच सापडतो.

अनोळखी माणसाने अनोळखी माणसाचा काही कारण नसताना जीव घेतला, तर ही सगळी पद्धत लंगडी पडते. मयताच्या घरच्यांना, मित्रांना कितीही प्रश्न विचारले तरी त्यांतून मारेकरी निघत नाही, कारण तो त्या वर्तुळात नसतोच. असा माणूस एकामागून एक, मध्ये काही काळ जाऊ देऊन खून करत राहिला की त्याला हल्ली 'सीरियल किलर' म्हणतात. हा शब्द रूढ झाला तो विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस-तीस वर्षांत. १८८८ साली शब्दही नव्हता आणि त्यामागची समजही नव्हती.

लंडनच्या पोलिसांनी हात राखून काम केलं असं म्हणता येणार नाही. इन्स्पेक्टर फ्रेडरिक अ‍ॅबरलाइन या वस्तीची खडान्‌खडा माहिती असलेल्या अधिकाऱ्याला तिथे पाठवण्यात आलं. घरोघर चौकशी झाली. ऐंशी हजार पत्रकं वाटली गेली. दोन हजारांहून अधिक माणसांची विचारपूस झाली. पण हाती लागलेली गोष्ट पुराव्यात बदलण्याची साधनंच नव्हती. कपड्यावरचा डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराचा, हे खात्रीने सांगणारी चाचणी आली १९०१ साली. रक्तगटांचा शोध त्याच सुमाराचा. बोटांच्या ठशांचा विभाग स्कॉटलंड यार्डात सुरू झाला तोही १९०१ मध्येच.

ठशांच्या बाबतीत आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. जगातला पहिला अंगुलिमुद्रा विभाग लंडनमध्ये निघाला नाही, तो निघाला कोलकात्यात, १८९७ साली. एडवर्ड हेन्री या अधिकाऱ्याचं नाव त्या पद्धतीला मिळालं, पण ठशांची वर्गवारी बसवण्याचं किचकट काम केलं ते अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी. ठसे पकडण्याची विद्या लंडनने आपल्याकडून घेतली. व्हाइटचॅपलच्या खुनांना मात्र ती तेरा वर्षं उशिरा पोचली.

त्यात हद्दीचा घोळ होता. मायटर स्क्वेअर लंडन शहराच्या जुन्या पोलीस दलाच्या अखत्यारीत, बाकीच्या जागा मेट्रोपॉलिटन पोलिसांकडे. एडोजच्या खुनानंतर तिच्या एप्रनचा तुकडा एका जिन्यात सापडला आणि वर भिंतीवर खडूने ज्यूंचा उल्लेख असलेला मजकूर लिहिलेला होता. शहर पोलिसांना त्याचा फोटो काढायचा होता. पण उजाडल्यावर लोकांनी तो वाचला तर ज्यूंच्या विरोधात दंगल पेटेल, या भीतीने मेट्रोपॉलिटन पोलिसांचे आयुक्त चार्ल्स वॉरन यांनी तो पुसून टाकायला लावला. दंगल टळली असेल, पण कदाचित पुरावाही गेला.

नाव कुणी दिलं?

'जॅक द रिपर' हे नाव आलं कुठून? सप्टेंबर १८८८ च्या अखेरीस लंडनच्या एका वृत्तसंस्थेला लाल शाईने लिहिलेलं एक पत्र आलं. 'मीच तो खुनी' अशा थाटाचं ते पत्र होतं आणि खाली सही होती जॅक द रिपर. पोलिसांनी ते प्रसिद्धीला दिलं, आणि मग अशा पत्रांचा पाऊस पडला. ते पहिलं पत्र एखाद्या बातमीदारानेच खप वाढवायला लिहिलं असावं, असा संशय त्या काळच्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांनीही व्यक्त केला आहे. म्हणजे जगभर गाजलेलं हे नाव बहुधा मारेकऱ्याने स्वतः घेतलेलंच नाही.

नाव नसलेल्या भीतीला नाव मिळालं की ती हातपाय पसरते. त्याआधी 'लेदर एप्रन' नावाच्या माणसाची आवई उठली होती. जॉन पायझर नावाच्या एका ज्यू चांभाराला त्यावरून पकडण्यात आलं. खुनांच्या वेळी तो दुसरीकडे होता हे सिद्ध झालं म्हणून तो सुटला; पण जमावाच्या हाती आधी सापडला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा.

हे आपल्याला परकं नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. ती माणसं मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली. १६ एप्रिल २०२० रोजी पालघरमधल्या गडचिंचल्यात अशाच अफवेतून दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक यांचा बळी गेला. अनोळखी मारेकऱ्याची भीती पसरली की पहिला संशय येतो तो अनोळखी, परमुलखातल्या, गरीब माणसावर. गंमत म्हणा की दुर्दैव, अशा मारेकऱ्यांचे बळीही बहुतेक वेळा तीच माणसं असतात.

मुंबईचे दोन अनुभव

१९६५-६६ मध्ये मुंबईच्या पूर्व उपनगरांत, रेल्वेमार्गाच्या कडेने राहणाऱ्या झोपडीतल्या आणि फुटपाथवरच्या माणसांवर रात्री झोपेत हल्ले होऊ लागले. एकोणीस जणांवर हल्ले झाले, त्यांतले नऊ जण दगावले. त्या वेळी संशयावरून एका माणसाला पोलिसांनी पकडलं होतं. पण पुरावा नव्हता, म्हणून त्याला सोडावं लागलं. त्याचं नाव रमन राघव.

ऑगस्ट १९६८ मध्ये उपनगरांत हे सत्र पुन्हा सुरू झालं. हत्यार तसंच, बोथट आणि जड. बळीही तसेच, झोपलेले. त्या वेळच्या मुंबईत लोक उकाड्यातसुद्धा बाहेर झोपेनासे झाले होते, वस्त्या-वस्त्यांत रात्री गस्त सुरू झाली होती. गुन्हे शाखेची सूत्रं तेव्हा रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. पुढे ते राज्याचे पोलीस महासंचालक झाले. त्यांनी पहिली महत्त्वाची गोष्ट ही केली, की वेगवेगळ्या ठाण्यांच्या हद्दीतले हे गुन्हे एकत्र ठेवून पाहिले. हल्ल्यांतून वाचलेल्यांनी आणि इतरांनी सांगितलेलं वर्णन जुन्या नोंदींशी ताडलं गेलं. २७ ऑगस्ट १९६८ रोजी अ‍ॅलेक्स फियाल्हो या उपनिरीक्षकाने डोंगरी भागात एका माणसाला त्या वर्णनावरून ओळखलं आणि थांबवलं. त्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. बोटांचे ठसे घेऊन दप्तरातल्या ठशांशी जुळवले, तेव्हा तो रमन राघवच असल्याची खात्री पटली.

पुढे त्याने चाळीसहून अधिक खुनांची कबुली दिली. न्यायालयाने फाशी सुनावली. पण मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने तपासून तो तीव्र आणि बरा न होणाऱ्या मनोविकाराने ग्रस्त असल्याचा निर्वाळा दिला, आणि १९८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती शिक्षा जन्मठेपेत बदलली. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला. इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मनाचा आजार असलेली माणसं हिंसक असतात असा याचा अर्थ नाही. तसल्या आजाराने त्रस्त असलेली बहुतेक माणसं कुणाला इजा करत नाहीत. उलट रस्त्यावर आलेले मनोरुग्ण स्वतःच हिंसेचे बळी होतात.

आता दुसरा अनुभव. १९८५ पासून पुढची सुमारे दोन वर्षं शीव आणि किंग्ज सर्कल परिसरात फुटपाथवर एकट्या झोपलेल्या माणसांचे खून होऊ लागले. पद्धत एकच. तीस किलोपर्यंत वजनाचा दगड उचलायचा आणि झोपलेल्याच्या डोक्यात घालायचा. असे बारा खून झाले. पाच-सहा खून होईपर्यंत हे एकाच माणसाचं काम असावं हे लक्षातही आलं नव्हतं. हॉटेलात काम करणारा एक बेघर वेटर हल्ल्यातून वाचला, पण तिथे उजेड इतका कमी होता की हल्लेखोराचा चेहरा त्याला दिसला नाही. आणि मग जसे सुरू झाले तसेच हे खून थांबले. १९८९ मध्ये कोलकात्यात अगदी याच पद्धतीने तेरा माणसं मारली गेली. तिथल्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी मारेकऱ्याला 'स्टोनमॅन' हे नाव दिलं आणि मुंबईच्या खुनांनाही तेच नाव चिकटलं. दोन्ही शहरांतला माणूस एकच होता की वेगवेगळे, हे ठरलं नाही. या खुनांसाठी कुणालाही शिक्षा झाली नाही.

रमन राघव सापडला आणि स्टोनमॅन सापडला नाही, असं का व्हावं? पोलीस एकदा हुशार आणि एकदा बावळट होते, असं म्हणून भागणार नाही. १९६८ मध्ये तीन गोष्टी हाताशी होत्या. वाचलेली आणि पाहिलेली माणसं होती, त्यांनी वर्णन दिलं. मारेकऱ्याची जुनी नोंद होती, ठसे होते. आणि मारले गेलेल्यांपैकी अनेक जण झोपड्यांत कुटुंबासह राहत होते, म्हणजे त्यांच्यामागे शोध घेणारं, पोलीस ठाण्यात जाऊन बसणारं कुणीतरी होतं.

शीवच्या फुटपाथवर यांतलं जवळजवळ काहीच नव्हतं. हत्यार रस्त्यातलाच दगड, तिथेच टाकलेला. तो कुणाच्या मालकीचा नाही, कुठल्या दुकानातून विकत घेतलेला नाही, खडबडीत असल्यामुळे त्यावर ठसाही नीट उमटत नाही. बळी एकटे झोपणारे. बहुतेकांची ओळखच पटली नाही. मयताचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, त्याला शोधत कुणी आलं नाही. तपासाची दोरी बांधायची कशाला? खून झालेला माणूस कोण हेच कळलं नाही, तर खून करणारा कोण हे कळण्याची आशा फारच थोडी.

म्हणजे मारेकऱ्याचं निनावीपण पुष्कळदा बळीच्या निनावीपणातून येतं. समाजाने ज्याची नोंद ठेवली नाही, त्याला मारणं सोपं आणि पचवणंही सोपं.

आता तर कॅमेरे आहेत

यावर कुणी म्हणेल, हे सगळं जुनं झालं. आता डीएनए आहे, चौकाचौकांत सीसीटीव्ही आहेत, मोबाइल आहे. हे खरं आहे. १९८४ साली अ‍ॅलेक जेफ्रीज या इंग्लिश शास्त्रज्ञाने डीएनएवरून माणूस ओळखण्याची पद्धत शोधली आणि तपासाचं जगच बदललं. मुंबईत २०१६ मध्ये कॅमेऱ्यांचं मोठं जाळं सुरू झालं. देशभरातली पोलीस ठाणी संगणकाने जोडली गेली, आणि २०२२ पासून ठशांचा राष्ट्रीय साठाही सुरू झाला. आज एखादा स्टोनमॅन दोन वर्षं मोकळा फिरणं अवघड आहे.

पण या सगळ्या साधनांना एक मर्यादा आहे. डीएनए जुळवायला दुसरा नमुना लागतो. मयताच्या रक्ताच्या नात्यातला कुणीतरी पुढे यावा लागतो. ठशांचा पोलिसांकडचा साठा मुख्यतः गुन्हेगारांचा आणि अटक झालेल्यांचा. कधी गुन्हाच न केलेल्या हमालाचा ठसा त्यात कुठून असणार? आधार कार्डाला दिलेले ठसे चालतील असं पुष्कळांना वाटतं, पण २०१६ च्या आधार कायद्याने ते असे वापरायला मनाई आहे. व्हाइटचॅपलच्या बाबतीतही हेच झालं. २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये एका जुन्या शालीवरच्या डीएनएवरून मारेकरी सापडल्याचा गाजावाजा झाला. पण ती शाल खरोखर त्या जागेवरची होती याचाच भक्कम पुरावा नाही, आणि तपासलेला डीएनएही नेमका एकाच माणसाकडे बोट दाखवणारा नव्हता. यंत्र कितीही चांगलं असलं तरी मूळ नोंदच नसेल तर ते काय वाचणार?

आपल्या दाराशी

मुंबई-नाशिक महामार्गावरच्या मानकोली नाक्यावरून अंजूरफाट्याकडे वळलं, की दापोडे लागतं. भिवंडी तालुक्यातलं हे गाव. एके काळी भातशेतीचं, आता गोदामांचं. दापोडे, गुंदवली, पूर्णा, काल्हेर, राहनाळ, सगळीकडे पत्र्याच्या छपरांची गोदामं. आपण मोबाइलवर बोट दाबून मागवलेला पंखा, साबण, बूट, मुलांची पुस्तकं यांतलं बरंच काही इथूनच निघतं. हा माल चढवणारे-उतरवणारे, गाड्या चालवणारे, पॅकिंग करणारे, पहारा देणारे हजारो हात उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशा, आणि आपल्याच मराठवाड्या-विदर्भातून आलेले. पलीकडे भिवंडी शहरात यंत्रमाग. तिथल्या कामगारांच्या खोल्यांत दिवसपाळीवाला कामाला गेला की रात्रपाळीवाला त्याच जागेवर आडवा होतो. जेवण बिशीत, झोप जागा मिळेल तिथे. कुणी ट्रकखाली, कुणी गोदामाच्या धक्क्यावर, कुणी दुकानाच्या फळीवर.

दापोड्यात कुणी सीरियल किलर फिरतो आहे असं मला मुळीच सुचवायचं नाही. तशी भीती पसरवणं किती महागात पडतं हे आपण आत्ताच पाहिलं. मला एवढंच विचारायचं आहे, की उद्या यांतला एखादा माणूस सकाळी उठला नाही, मग ते ट्रक मागे घेताना असो, आजाराने असो की कुणाच्या हातून असो, तर त्याचं पूर्ण नाव, गाव आणि घरच्यांचा फोन नंबर सांगू शकेल असं इथे कुणी आहे का? 'बबलू' किंवा 'बिहारी' एवढ्यावर पंचनामा होत नाही. ठाण्यात आकस्मिक मृत्यूची नोंद होते, फोटो काढला जातो, वाट पाहिली जाते, आणि कुणी आलं नाही तर बेवारस म्हणून अंत्यसंस्कार होतात. तिकडे हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या एखाद्या गावात कुणी बाई हरवल्याची तक्रार द्यायला ठाण्याच्या पायऱ्या चढत असते. दोन्ही कागद एकमेकांना भेटले नाहीत तर ती आयुष्यभर वाट पाहते.

हे ओळखूनच १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी केंद्राने कायदा केला. ठेकेदाराने प्रत्येक कामगाराला फोटो लावलेलं पासबुक द्यावं, आणि कामगाराचा जीवघेणा अपघात झाला तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि त्याच्या जवळच्या नातलगाला कळवावं, असं त्यात लिहिलं होतं. २०२० साली संसदेने केलेल्या नव्या कामगार संहितेत हा कायदा सामावून घेतला गेला. कायद्याचा हेतू चांगला होता, पण असं पासबुक हातात असलेला कामगार शोधून पाहा. मार्च २०२० च्या टाळेबंदीत याच महामार्गावरून माणसांचे लोंढे नाशिककडे चालत निघाले, तेव्हा ते किती जण आहेत आणि कुठले आहेत, याचा हिशेब कुणालाच देता येत नव्हता.

बेघरांसाठीही नियम आहेत. शहरातल्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांची सोय असलेला कायमचा निवारा हवा, असं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचं सूत्र होतं. २०११ च्या जनगणनेने मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले, आणि हा आकडा कमी आहे असं बेघरांमध्ये काम करणारे तेव्हाच म्हणत होते. चार पेन्स नसलेल्या मेरी अ‍ॅन निकोल्सपासून आपण नेमके किती पुढे आलो, याचं उत्तर या हिशेबात आहे.

लंडनमध्ये खुनांचा हलकल्लोळ चालू असतानाच जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी एका वर्तमानपत्राला बोचरं पत्र लिहिलं होतं. समाजसुधारक वर्षानुवर्षं गरिबांच्या वस्तीकडे लक्ष द्या म्हणून ओरडत होते, तेव्हा कुणी ऐकलं नाही. एका खुन्याने सुरी चालवली आणि सगळ्यांना त्या वस्तीचा पुळका आला, असा त्याचा आशय होता. आपल्याला लक्ष द्यायला खून व्हावा लागू नये.

करण्याजोग्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. गोदाममालकाने, ठेकेदाराने, कारखानदाराने एक वही ठेवावी. त्यात प्रत्येकाचं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा, घरच्या एका माणसाचा नंबर, आणि एक फोटो. ही वही पहारेकऱ्याकडे असावी, म्हणजे रात्री उपयोगी पडेल. बिशी चालवणाऱ्यांना आपले जेवणारे चेहऱ्याने माहीत असतात. एखादा चार दिवस दिसला नाही तर त्याची चौकशी करावी. कामगारांनी खिशात घरच्यांचा नंबर कागदावर लिहून ठेवावा, कारण मोबाइल चोरीला जातो, बंद पडतो. ग्रामपंचायतीने आणि पालिकेने जिथे माणसं झोपतात तिथे दिवा लावावा. शीवच्या त्या वेटरला हल्लेखोर दिसला नाही, कारण तिथे दिवा नव्हता. आणि ओळख पटत नाही असा मृतदेह सापडला, तर पोलिसांनी ठसे, फोटो आणि डीएनएचा नमुना जपून ठेवावा, म्हणजे वर्षांनी का होईना, शोधत आलेल्या माणसाला उत्तर मिळेल.

जॅक द रिपर कोण होता हे आता बहुधा कधीच कळणार नाही. शीवचा तो मारेकरी कोण होता हेही कदाचित कळणार नाही. पण मेरी अ‍ॅन निकोल्स कोण होती, तिचं लग्न कुठे झालं, मुलं किती होती, तिची कबर कुठे आहे, हे आज माहीत आहे, कारण तिथल्या नोंदी राहिल्या आणि कुणीतरी त्या पुन्हा उघडून वाचल्या. शीवच्या फुटपाथवर मारल्या गेलेल्या बहुतेक माणसांबद्दल असं कुणाला काहीही सांगता येणार नाही. ती माणसं कुठून आली होती, कुणाला पैसे पाठवत होती, कुणी त्यांची वाट पाहिली, यातलं काही लिहून ठेवलेलंच नाही.

दापोड्याच्या रस्त्यावरून रात्री जाताना ट्रकच्या आडोशाला चादर ओढून झोपलेली माणसं दिसतात. दूरून ती ताडपत्रीसारखीच दिसतात. त्यांची नावं कुठेतरी लिहिलेली असावीत, एवढी काळजी आपण घेतली तरी पुष्कळ झालं.